मदत हवी आहे: फुफ्फुसातल्या हवेच्या गणितात एफआरसी २२०० कशी? उद्या पेपर आहे

उद्या_पेपर: टायडल (नेहमीच्या श्वासाची हवा) ५००, आयआरव्ही (त्यावर जोर लावून आणखी आत घेता येते ती) २५००, ईआरव्ही (जोर लावून आणखी बाहेर सोडता येते ती) १००० मिली दिलेत. एफआरसी (फंक्शनल रेसिड्युअल कपॅसिटी) काढायचीय. आन्सर कीमध्ये २२०० आहे, माझं दर वेळी १५०० येतंय. प्लीज लवकर सांगा.

गडवाट: आरव्ही (रेसिड्युअल व्हॉल्यूम, कितीही सोडली तरी आत उरणारी हवा) दिलाय का? त्याशिवाय एफआरसी निघणारच नाही. प्रश्न पूर्ण टाक.

उद्या_पेपर: दिलाय, १२००. पण ती हवा बाहेर येतच नाही ना? मग धरायची कशाला?

श्वासयोगी: रोज पहाटे कपालभाती कर. आरव्ही शून्यावर येतो, अनुभव आहे.

फिजिओताई: श्वासयोगी, प्राणायाम जरूर करा, पण आरव्ही शून्य होत नाही हो. कितीही जोर लावला तरी ११००-१२०० मिली आत राहतेच. छातीचा पिंजरा एका मर्यादेपुढे दबत नाही. आणि राहते तेच बरं, दोन श्वासांच्या मधेही रक्ताला ऑक्सिजन मिळत राहतो.
उद्या_पेपर, तू टायडल मिळवलास ना? एफआरसी म्हणजे नेहमीचा श्वास सोडून झाल्यावर आत उरलेली हवा. टायडलचे ५०० तोवर बाहेर गेले. बसल्या जागी करून बघ: सहज श्वास सोड, थांब, आता श्वास न घेता पोट आत ओढून आणखी सोड. ही निघाली ती ईआरव्ही. तरीही आत उरली ती आरव्ही. थांबलास त्या क्षणी दोन्ही आतच होत्या.

पाठांतर_बरं: एवढं रामायण कशाला? ईआरव्ही अधिक आरव्ही, पाठ कर, विषय संपला.

फिजिओताई: आणि उद्या आयसी (सहज श्वास सोडल्यावर जास्तीत जास्त आत घेता येणारी हवा) विचारली की?

पाठांतर_बरं: तीही पाठ. टायडल अधिक आयआरव्ही. आदल्या रात्री हेच कामाला येतं.

सांगलीकर: बाबांच्या स्पायरोमेट्रीच्या (नळीत फुंकून करतात त्या श्वासाच्या तपासणीच्या) रिपोर्टात टीएलसी (फुफ्फुसात मावणारी एकूण हवा) छापलेलीच नाही. लॅबने गाळली का?

गडवाट: गाळली नाही. साधा स्पायरोमीटर आत-बाहेर होणारी हवाच मोजतो. आरव्ही बाहेर येत नाही, म्हणून एफआरसी आणि टीएलसी त्यावर मिळत नाहीत. त्यासाठी हेलियम डायल्यूशन करतात (हेलियम श्वासात देऊन तो आतल्या हवेत किती विरळ होतो ते बघतात), नाहीतर बंद केबिनमध्ये बसवून दाबातल्या फरकावरून मोजतात, ती बॉडी प्लेथिस्मोग्राफी. बाबांचं वय, उंची, त्रास काय ते लिहून वेगळा धागा काढा.

श्वासयोगी: तोवर बाबांना भस्त्रिका सुरू करा.

फिजिओताई: डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको!

उद्या_पेपर: २२०० आलं. व्हायटल कपॅसिटीत (व्हीसी, पूर्ण श्वास भरून जास्तीत जास्त बाहेर सोडता येते ती हवा) आरव्ही धरायचा का?

गडवाट: नाही. व्हीसी ४०००. टीएलसीत धर, ५२००.