कुरण म्हणजे नुसतं वाढू दिलेलं गवत नव्हे

'गवत कापायचं थांबवलं की कुरण, म्हणजे रानफुलांनी भरलेलं गवत, आपोआप तयार होतं' असं कुणी म्हटलं, तर ते मला अजिबात पटत नाही. ग्रेट डिक्स्टरचंच बघा. इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातलं हे जुनं घर. फाटकातून दाराकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांना उंच गवत आणि त्यात ऑर्किड. इथे राहणाऱ्या डेझी लॉइड यांनी हे कुरण सुरू केलं, मुलगा ख्रिस्तोफर यांनी २००६ साली निधन होईपर्यंत जपलं. तिथे फुलांचं बी झडेपर्यंत थांबतात, साधारण ऑगस्टमध्ये कापणी करतात आणि कापलेलं सगळं उचलून नेतात. हे उचलणंच सर्वात महत्त्वाचं! ते तिथंच कुजलं तर माती सकस होते, गवत माजतं आणि फुलझाडं दबून मरतात. खत तर घालायचंच नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. यलो रॅटल नावाचं पिवळ्या फुलांचं एक वर्षायू झाड असतं. त्याची मुळं गवताच्या मुळांना चिकटून त्यांचा रस शोषतात, त्यामुळे गवत खुरटतं आणि बाकीच्या फुलांना जागा मिळते. बी पिकलं की त्याची वाळकी बोंडं हलवल्यावर खुळखुळतात. बी ताजंच, शरद ऋतूत पेरावं लागतं. थंडी खाल्ल्याशिवाय ते रुजत नाही.