आंब्याचा भाव बदलायला दरवेळी वेबसाईटवाल्याला फोन लावायचा... सीएमएसने हे सुटतं का?

पेटीवाला
नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आमची हापूसची बाग आहे, बाबा आणि मी मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना थेट पेट्या पाठवतो. चार वर्षांपूर्वी ओळखीच्या एका मुलाकडून वेबसाईट करून घेतली, दिसायला झकास आहे, पण सगळी एचटीएमएलमध्ये हाताने लिहिलेली, त्यामुळे काहीही बदलायचं तर त्यालाच फोन. आणि आंब्याचा भाव म्हणजे मार्चला एक, अक्षय्य तृतीयेला दुसरा, मे संपत आला की तिसराच. यंदा पाच डझनी पेटीचा भाव उतरवला तर त्याने पहिल्या पानावर बदलला आणि ऑर्डरच्या पानावर जुनाच राहिला. एका काकूंनी दोन्हीचे स्क्रीनशॉट टाकून विचारलं, "यातला खरा कुठला?" काय बोलणार, कमी भावात दिली पेटी. आता जो तो म्हणतो सीएमएस घे. त्याने नक्की होतं काय? बाबांना कॉम्प्युटर येत नाही, व्हॉट्सॅप मात्र फर्डं येतं.

सेमीकोलन
दादा, तुमच्या काकूंनीच उत्तर दिलंय बघा. आत्ता तुमचा भाव प्रत्येक पानात वेगवेगळा टाईप केलेला आहे, म्हणजे चार पानं असतील तर चार ठिकाणी बदलायचा आणि एक विसरला की बोंब. सीएमएस म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम, साईटवरचा मजकूर आपला आपण बदलायचं सॉफ्टवेअर. त्यात भाव डेटाबेसमध्ये एकदाच असतो, पानाचा साचा वेगळा, कोणी पान उघडलं की साचा तिथून भाव उचलतो. तुम्ही लॉगिन करून एका चौकोनात आकडा बदलायचा, सेव्ह, झालं.

तुमच्यासाठी वर्डप्रेस हे सीएमएस आणि त्यावर वूकॉमर्स, म्हणजे दुकान चालवायचं प्लगिन (वर्डप्रेसला वरून जोडायचा जादा सॉफ्टवेअरचा तुकडा). वर्डप्रेस 2003 पासून आहे, सुरुवात ब्लॉग लिहायला झाली पण आता दुकानं, शाळा, पेपर सगळे त्यावर. जूमला, ड्रुपल पण आहेत, पण रत्नागिरीत ते येणारा माणूस शोधत बसाल. वूकॉमर्समध्ये किती पेट्या शिल्लक तो आकडा टाकून ठेवला की ऑर्डरगणिक कमी होतो आणि शून्यावर आला की संपल्याचं आपोआप दिसतं. सणाच्या ऑफरला तारखा आधीच टाकून ठेवता येतात, पाडव्याला कोणी जागत बसायला नको. फक्त "वर्डप्रेस फुकट" ऐकून हुरळू नका, सॉफ्टवेअर फुकट, डोमेन (साईटचं नाव-पत्ता) आणि होस्टिंग (साईट ठेवायची इंटरनेटवरची जागा) यांचे पैसे दरवर्षी आहेतच.

मसालेवाली_ताई
आमचं नाशिकला मसाल्याचं घरगुती काम आहे, 5 वर्षं वर्डप्रेसच वापरतेय, त्यामुळे दोन गोष्टी अनुभवाच्या सांगते. पहिली, भाव बदलला, मला नवा दिसतोय आणि गिऱ्हाइकाला जुनाच, मी आपली दिवसभर वेड्यासारखी सेव्ह सेव्ह करतेय. शेवटी कळलं की कॅशिंगचं प्लगिन तयार पान साठवून ठेवतं आणि लोकांना तेच देतं, मी लॉगिन केलेलं म्हणून मला ताजं दिसत होतं. आता भाव बदलला की कॅश रिकामी करते आणि मिस्टरांच्या फोनवर उघडून बघते, मगच स्टेटस टाकते.

दुसरी म्हणजे पानाचं नाव मराठीत ठेवा पण लिंक इंग्रजी अक्षरात टाका. मी "घरगुती गोडा मसाला कसा वापरावा" असं पान केलं तर लिंक कॉपी केल्यावर टक्क्यांची चिन्हं आणि आकड्यांची ही लांबलचक शेपटी, वर नाव अर्ध्यातच तुटलेलं!

सेमीकोलन
ताई, देवनागरीचं एकेक अक्षर, मात्रासुद्धा, लिंकमध्ये नऊ चिन्हं खातं आणि वर्डप्रेस 200 ला कापतं. म्हणजे बाविसेक अक्षरांत खेळ खल्लास.

फुकटचा_सल्ला
मी उलट बोलतो. तीन महिन्यांचा धंदा, गिऱ्हाईक ठरलेलं, व्हॉट्सॅप बिझनेसचा कॅटलॉग करा ना, बाबांना ते येतंच. वर्डप्रेस म्हणजे दारात गाय बांधण्यासारखं, दूध देते पण रोज चारा घालावा लागतो. अपडेट, बॅकअप, वीस प्लगिनं, त्यातलं एक जुनं राहिलं की साईट हॅक. जून ते फेब्रुवारी कोण बघणार त्याच्याकडे?

सेमीकोलन
मुद्दा बरोबर आहे, पावसाळ्यात साईटकडे कोणी ढुंकून बघत नाही आणि तेव्हाच घोळ होतो. म्हणून प्लगिनं मोजकीच, आपोआप अपडेट चालू आणि बॅकअप दुसरीकडे. पण कॅटलॉग तुमचा नंबर ज्याच्याकडे आहे त्यालाच दिसणार, "रत्नागिरी हापूस" गूगल करणारा नवा माणूस तिथे कसा पोचेल? आणि दादा, बाबांना अ‍ॅडमिनचं लॉगिन देऊ नका, शॉप मॅनेजरचं द्या, भाव आणि ऑर्डरी बघता येतात, चुकून प्लगिन उडवता येत नाही. त्याआधी डोमेन कोणाच्या नावावर आहे ते तपासा!!

पेटीवाला
तपासलं. डोमेन त्या मुलाच्या ईमेलवर, होस्टिंग पण त्याचंच 🤦 आज संध्याकाळी त्याच्या घरी जातोय, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून बाबांनी आमरसाचे दोन डबे बांधून दिलेत. लॉगिन हातात आलं की वूकॉमर्सचं विचारायला परत येतो. ताई, ते कॅश रिकामी करायचं बटण नक्की कुठे असतं?