थ्री-एक्स-थ्री विश्वचषकात डंक आणि शूटआउटच्या वैयक्तिक स्पर्धा हव्यात कशाला?

अर्धंकोर्ट

तीन-तीन खेळाडूंचं बास्केटबॉल बघणाऱ्यांसाठी हा धागा. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, मोठ्या स्पर्धांत सांघिक सामन्यांच्या मधल्या वेळात वैयक्तिक स्पर्धा घेतात. डंक (उंच उडी घेऊन चेंडू हातानेच रिंगमध्ये घालणं), शूटआउट (समोर कुणी नसताना लांबून नेमबाजी), आणि काही वर्षी कौशल्य स्पर्धा, म्हणजे अडथळ्यांमधून ड्रिबल करत, पास देत, बास्केट करत घड्याळाशी शर्यत. माझं म्हणणं, हे सगळं विश्वचषकातून काढून टाकावं.

या खेळाची सगळी मजा अडचणीत आहे. बारा सेकंदांत शॉट घ्यायचा. समोरच्याने बास्केट केली की रिंगखालून चेंडू उचलायचा, कमानीबाहेर, म्हणजे रिंगभोवती आखलेल्या अर्धगोल रेषेबाहेर, न्यायचा आणि चाल सुरू, मध्ये श्वास घ्यायलाही उसंत नाही. सामना चालू असताना प्रशिक्षकाला बाकावर जागा नाही, काय ते चौघांनी आपापसांत ठरवायचं. पॅरिस ऑलिंपिकमधली २०२४ ची पुरुषांची फायनल घ्या. नेदरलँड्स आणि फ्रान्स १६-१६. जादा वेळेत जो आधी दोन गुण करेल तो जिंकणार. फ्रान्सने एक केला, आणि मग नेदरलँड्सच्या वर्दी डे याँगने कमानीबाहेरून दोन गुणांचा शॉट टाकला. १८-१७, खेळ खलास. तोच शॉट रिकाम्या कोर्टवर कुठलाही चांगला खेळाडू डोळे मिटून मारेल. वैयक्तिक स्पर्धेत आपण नेमकं ते रिकामं कोर्ट बघतो आणि त्याला टाळ्या वाजवतो.

दुसरं, संघात माणसं चारच. तीन आत, एक बाहेर. त्याच पॅरिसमध्ये अमेरिकेच्या जिमर फ्रेडेटला सुरुवातीच्याच सामन्यांत दुखापत झाली आणि उरलेले सगळे सामने त्यांनी तिघांनी काढले, बदली खेळाडूच नाही. दोन जिंकले, पाच हरले, बाद फेरीआधीच घरी. ती दुखापत सामन्यातली होती, त्याला इलाज नाही. पण इतक्या तुटपुंज्या संघातल्या एकाला दोन सामन्यांच्या मध्ये कुणाच्या तरी डोक्यावरून उडी मारायला लावायची, हे मला पटत नाही.

शिट्टी_फुंक

असहमत. पुरता असहमत.

कोर्टच्या कडेला संगीत, सतत बडबडणारा निवेदक, हाताच्या अंतरावर प्रेक्षक. हा खेळ असाच वाढलाय. डंक स्पर्धा त्यात बाहेरून चिकटवलेली नाही, ती त्याच मुशीतली आहे. युवा ऑलिंपिकमध्ये २०१४ ला नानजिंगला आणि २०१८ ला ब्यूनस आयर्सला डंकसाठी चक्क ऑलिंपिक पदकं होती. २०१८ चं सुवर्ण अर्जेंटिनाच्याच फाउस्टो रुएस्गाने घरच्या प्रेक्षकांसमोर घेतलं. त्या पोराला सांगून बघा की तुझं पदक म्हणजे मधल्या वेळची करमणूक.

अर्धंकोर्ट

पदक दिलं म्हणून ती गोष्ट खेळाचा भाग होत नाही. टोकियो आणि पॅरिस, मोठ्या दोन्ही ऑलिंपिकमध्ये फक्त सांघिक पदकं होती. कुणाला काही कमी वाटलं का?

बाहेरून_दोन

डंकचं तुमचं तुम्ही बघा, मला शूटआउटबद्दल बोलायचंय, कारण तुम्ही दोघांना एकाच दावणीला बांधताय.

जरा हिशोब करा. पाच-पाचच्या खेळात आतली बास्केट दोनाची, बाहेरची तीनाची. म्हणजे बाहेरची दीडपट. थ्री-एक्स-थ्रीमध्ये आतली एकाची, बाहेरची दोनाची. थेट दुप्पट. बाहेरून ज्याचे शंभरातले ३५ शॉट पडतात, त्याची बरोबरी करायला पाच-पाचच्या खेळात आतून साधारण ५२-५३ पाडावे लागतात. इथे ७० पाडावे लागतील, तेही कुणीतरी कमरेला धक्के देत असताना. बाहेरचा नेम ही या खेळातली सगळ्यांत महाग वस्तू आहे. टोकियोची फायनलसुद्धा लाटव्हियाच्या कार्लिस लास्मानिसने बाहेरूनच संपवली होती, २१-१८. मग तो नेम स्वतंत्रपणे मोजला तर बिघडलं कुठे?

आणि 'समोर कुणी नाही' हे कारण असेल तर फ्री थ्रोसमोर तरी कोण असतं? संघाच्या सातव्या फाउलपासून दोन-दोन फ्री थ्रो मिळतात, त्यावर सामने फिरतात. ते पण बंद करू या का?

अर्धंकोर्ट

गणित बिनतोड आहे. पण ते सामन्यातल्या शॉटचं गणित आहे. स्क्रीनच्या, म्हणजे बचावपटूला अडवून उभ्या सहकाऱ्याच्या, मागून सुटून, चेंडू हातात येताच, घड्याळात दोन सेकंद उरलेले असताना मारलेला शॉट वेगळा आणि एका जागी उभं राहून एकामागून एक चेंडू घेत मारलेला वेगळा. फ्री थ्रो सामन्याच्या आत येतो, धापा टाकत मारावा लागतो. शूटआउटमध्ये धाप कुठून आणणार?

नवखी_पण_बघते

मी या खेळात नवी आहे, पण मला आत ओढलं शूटआउटनेच. २०१८ च्या विश्वचषकात, फिलिपिन्समध्ये बोकावेला, जॅनिन पाँतेहोसने शूटआउट जिंकला. तिचा संघ बाद फेरीपर्यंत पोहोचला नव्हता. ही स्पर्धा नसती तर तिचं नाव त्या देशाबाहेर कुणाच्या कानावर गेलं असतं का? सांघिक पदकांवर तेच ते देश दिसतात. पुरुषांमध्ये सर्बियाने २०१२, २०१६, २०१७, २०१८, २०२२ आणि २०२३, इतक्या वेळा विश्वचषक नेला. बाकीच्यांनी काय फक्त गटात हरायला यायचं?

बाहेरून_दोन

बरोबर. आणि त्या शूटआउटमध्ये पुरुष आणि स्त्रिया एकत्र होते, हेही लिहा. हे या खेळात शक्य होतं त्याचं कारण चेंडू. थ्री-एक्स-थ्रीचा चेंडू दोघांना एकच, आकार सहा नंबरचा आणि वजन सात नंबरचं (पाच-पाचच्या खेळात बायकांचा चेंडू सहा नंबरचा, पुरुषांचा सात). कमानही एकच, ६.७५ मीटर. २०२४ मध्ये एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक लीगने, आपला स्टीफन करी आणि महिलांच्या लीगची (डब्ल्यूएनबीए) सब्रिना आयोनेस्कू यांची नेमबाजीची लढत लावली तेव्हा दोघांनी आपापल्या लीगचे वेगवेगळे चेंडू वापरले. करीने २९, तिने २६ केले, आणि नंतर लोक चेंडूच्या आकारावर वाद घालत बसले. इथे तो वाद उद्भवतच नाही. एकाच चेंडूने, एकाच रेषेवरून बाई आणि पुरुष यांचा खरा मुकाबला दुसऱ्या किती खेळांत बघायला मिळतो?

कडेचा_पंच

हे छान आहे, पण युवा ऑलिंपिकमध्ये काय केलं होतं ते विसरू नका. मुलांना डंक, मुलींना शूटआउट. दोन्ही वेळा. म्हणजे मुलाला नेम धरून पदक नाही, मुलीला उडी मारून नाही. मुली डंक करत नाहीत असं म्हणायचं असेल तर लिसा लेस्लीने डब्ल्यूएनबीएच्या सामन्यात २००२ मध्येच केला होता. थोड्याच मुली करतात हे मान्य. पण मग मुलांना शूटआउटबाहेर का ठेवलं, याचं उत्तर कुणाकडे आहे?

शिट्टी_फुंक

नाही. ती वाटणी चुकीचीच होती. पण तो दोष वाटणीचा, स्पर्धेचा नाही.

उंच_उडी

लोक डंक बघायला येतात. विषय संपला.

कडेचा_पंच

विषय तिथेच सुरू होतो. डंकला गुण परीक्षक देतात. २०२० ला शिकागोत एनबीएच्या डंक स्पर्धेत ॲरन गॉर्डन टॅको फॉलच्या वरून गेला. फॉल म्हणजे सात फूट पाच इंचांचा माणूस! त्याला मिळाले ४७. डेरिक जोन्स ज्युनियरला ४८. एका गुणाने निकाल, आणि तो गुण कशाचा हे आजतागायत कुणी सांगू शकलेलं नाही. शूटआउटमध्ये चेंडू रिंगमधून जातो किंवा जात नाही. डंकमध्ये परीक्षकाचा मूड असतो. ज्या खेळात २१ झाले की सामना तिथल्या तिथे संपतो, त्यात हे कसं बसायचं?

उंच_उडी

मग जिम्नॅस्टिक्स पण बंद करा. डायव्हिंग पण.

कडेचा_पंच

जिम्नॅस्टिक्समध्ये प्रत्येक हालचालीची काठिण्यपातळी आधी ठरलेली असते आणि चुकीला किती कापायचे तेही. डंकसाठी तसं कोष्टक करा, मी पहिला टाळ्या वाजवीन.

अर्धंकोर्ट

आणि कौशल्य स्पर्धेबद्दल कुणीच बोललं नाही, यावरूनच काय ते समजा. घड्याळाविरुद्धच्या असल्या शर्यतीत पळवाट कशी सापडते ते २०२५ च्या फेब्रुवारीत दिसलंच. एनबीएच्या कौशल्य स्पर्धेत व्हिक्टर वेम्बान्यामा आणि क्रिस पॉल यांच्या लक्षात आलं की शॉटच्या जागी बास्केट झालीच पाहिजे असं नाही, चेंडू संपवले तरी पुढे जाता येतं. मग काय, नेम न धरता भराभर भिरकावले आणि पळाले. त्यांना बाद केलं. मला विचाराल तर त्यांनी स्पर्धेचा नियम नीट वाचला होता. कौशल्याच्या नावाखाली नुसती धाव मोजली की शहाणा माणूस कौशल्य बाजूला ठेवून धावणारच.

बाहेरून_दोन

यावर सहमत. ती स्पर्धा गेली तर मी रडणार नाही.

जुना_क्रिकेटवाला

एक सुचवू का? शूटआउटला खरं वजन द्यायचं असेल तर गटातली बरोबरी त्यावर सोडवा. आता दोन संघांचे विजय सारखे झाले की आपसातला सामना बघतात, तोही उपयोगाचा नसेल तर सामन्यामागे सरासरी किती गुण केले ते. त्याऐवजी प्रत्येक संघाचा एक नेमबाज, समोरासमोर. स्टेडियम डोक्यावर घेतील लोक.

कडेचा_पंच

नाव क्रिकेटवाला आणि २००७ विसरलात? डर्बनला भारत-पाकिस्तान सामना बरोबरीत सुटला आणि बोल-आउट झाला. समोर फलंदाज नाही, नुसते स्टंप. आपण ३-० जिंकलो म्हणून गोड वाटतं, पण फलंदाज नसलेल्या गोलंदाजीवर क्रिकेटचा निकाल लावणं कुणालाच पटलं नाही, आणि पुढे सुपर ओव्हर आली, ज्यात निदान क्रिकेट तरी खेळतात. सरासरी गुणांचा नियम रुक्ष आहे खरा, पण तो प्रत्यक्ष खेळलेल्या सामन्यांतून येतो. शिवाय तो संघांना शेवटपर्यंत गुण करायला लावतो, आघाडी घेऊन वेळ काढायला नाही.

अर्धंकोर्ट

हेच तर मी सकाळपासून सांगतोय.

शिट्टी_फुंक

तुम्ही सकाळपासून 'काढून टाका' म्हणताय. निकालावर परिणाम होऊ नये हे वेगळं आणि स्पर्धाच नको हे वेगळं. दुखापतीच्या भीतीचं म्हणाल तर त्यावर तोडगा आधीच आहे. फिबाच्या वर्ल्ड टूरमध्ये डंकसाठी व्यावसायिक डंकर बोलावतात, पोलंडचा रफाल लिपिन्स्की, ज्याला सगळे लिपेक म्हणतात, किंवा लाटव्हियाचा क्रिस्टाप्स दार्गाइस. त्यांचं कामच उडी मारणं. संघाचा चौथा माणूस निवांत बसून बघतो.

अर्धंकोर्ट

म्हणजे ज्याने स्पर्धेत एक सामनाही खेळलेला नाही तो स्पर्धेचा डंक विजेता. मग माझा मुद्दा आणखी पक्का झाला. तो कार्यक्रम आहे. कार्यक्रम म्हणून करा, तिकीट लावा, मीही येईन. पण विश्वचषकाचा विजेता म्हणून त्याचं नाव सांघिक विजेत्यांच्या रांगेत नको.

नवखी_पण_बघते

आणि शूटआउटचं काय? तिथे तर संघातलेच खेळाडू असतात, उडी नाही, दुखापत नाही, परीक्षक नाही. तुमचे तिन्ही आक्षेप तिथे लागू होत नाहीत.

अर्धंकोर्ट

'समोर बचाव नाही' हा लागू होतो. पण ठीक, तो ठेवायचाच तर खेळासारखा तरी करा. खेळाडूने रिंगखालून चेंडू उचलायचा, ड्रिबल करत कमानीबाहेर जायचं, वळायचं, मारायचं. परत पळत जाऊन आपलाच चेंडू आणायचा. मिनिटभर. दहाव्या फेरीला कोणाचा नेम टिकतो ते बघू.

बाहेरून_दोन

हे मला बघायला आवडेल. फक्त एक अडचण. हे सामने बरेचदा उघड्यावर होतात, पॅरिसमध्ये तर थेट प्लास द ला काँकॉर्दवर होते. सामन्यात वारा दोन्ही संघांना एकदमच लागतो. शूटआउटमध्ये एकाची पाळी वारा पडलेला असताना, दुसऱ्याची जोराची झुळूक आल्यावर. त्यामुळे मिनिटभर एकेकाने नाही, दोघांनी आलटून पालटून मारावं.

कडेचा_पंच

आलटून पालटून मारलं तर मध्ये विश्रांती मिळते, मग धाप कुठे राहिली? दोन रिंग लावा, दोघं एकाच वेळी.

उंच_उडी

कोर्ट अर्धं आहे हो, दुसरी रिंग कुठे टांगणार?