टूथपेस्टसाठी नॅनो हायड्रॉक्सिअपॅटाइट: भाजायचं कशाला?

नॅनो हायड्रॉक्सिअपॅटाइट म्हणजे दातांच्या एनॅमलमधलं कॅल्शियम फॉस्फेट खनिज, अतिसूक्ष्म कणांच्या रूपात. ते बनवायच्या कृतीत दोन गोष्टी सांगतात: कॅल्शियम-फॉस्फरसचं मोलर प्रमाण (अणूंच्या संख्येचं गुणोत्तर) 1.67 ठेवा, आणि शेवटी 900 अंश सेल्सिअसवर भाजा. पहिली बरोबरच. पण भाजायचा सल्ला टूथपेस्टसाठी चुकीचा आहे. त्या तापमानाला कण एकमेकांना जुळून वाढतात आणि नॅनो आकारच हातचा जातो. हाडाच्या रोपणाची गोष्ट वेगळी.

प्रमाण बरोबर घेऊनही माल बिघडतो तो सामूमुळे (pH). 1 लिटर पाण्यात 37 ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड, त्यात 85 टक्क्यांचं 34.6 ग्रॅम फॉस्फोरिक आम्ल पातळ करून थेंबथेंब, जोरात ढवळत. सामू शेवटपर्यंत 9 च्या वर हवा, उतरू लागला तर अमोनिया. आम्ल भसकन ओतलं तर तेवढ्या जागी सामू कोसळतो आणि ब्रुशाइट हे दुसरंच कॅल्शियम फॉस्फेट तयार होतं. हायड्रॉक्साइड ताजंच घ्या. उघड्या डब्यातलं हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट होतं, मग वजन बरोबर दिसूनही कॅल्शियम कमी पडतं. 24 तास मुरू द्या, नीट धुवा, आणि शक्यतो वाळवूच नका. पाणी उडताना केशाकर्षणाने कण ओढले जाऊन असे घट्ट गठ्ठे बनतात की खलूनही सुटत नाहीत. ओला लगदाच वापरा. त्यातला 5 ग्रॅम वाळवून वजन केलं की घन भाग किती ते कळतं.