पाडकामाच्या खडीचं काँक्रीट भूकंपक्षेत्रात स्टीलच्या नळीखांबात चालेल का?

धागाकर्ता: पुनर्विकासात पाडलेल्या इमारतींचं काँक्रीट भरावात जातंय, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. आयएस ३८३ (२०१६) या खडी-वाळूच्या भारतीय मानकानुसार आरसीसीत एम-२५ ताकदीच्या काँक्रीटपर्यंतच, तेही एकूण जाड खडीच्या २० टक्केच अशी पाडकामाची खडी चालते. माझ्या मते नळीखांबात, म्हणजे आत काँक्रीट भरलेल्या स्टीलच्या पोकळ खांबात, ही मर्यादा वाढवायला हवी. नळी काँक्रीटला चहूबाजूंनी आवळून धरते, काँक्रीट नळीचा पत्रा आत दबू देत नाही. खांब तुळईपेक्षा दणकट ठेवला की भूकंपात आधी तुळई वाकते, मग खडी जुनी की नवी याने खांब-तुळईच्या सांध्याला फारसा फरक पडत नाही. चीनमधल्या चाचण्यांतही साधारण हेच दिसलंय.

साइटवाला: साफ असहमत. जुन्या खडीला चिकटलेलं मॉर्टर पाणी पितं, नळीत उतरेपर्यंत स्लम्प (मालाचा ओलसर सैलपणा) गेलेला असतो. त्यात सांध्यात डायफ्रामची, म्हणजे नळीच्या आत तुळईच्या पातळीला बसवलेली आडवी प्लेट, मधे एकच भोक. घट्ट माल प्लेटखाली पोचत नाही, हवा अडकते. आरसीसीत शटरिंग काढलं की हनीकोंब (काँक्रीटमधल्या पोकळ्या) दिसतो, इथलं शटरिंग कधी निघतच नाही! एका कामावर मी हातोडीने ठोकून पाहिलं होतं. बाकी खांब बद्द वाजला, प्लेटखालची वीतभर पट्टी मात्र डब्यासारखी. भोकं पाडून ग्राउट (सिमेंटचा पातळ माल) भरावं लागलं. आणि ती खडी नवी होती.

वेल्डिंग तपासनीस: मी धागाकर्त्याच्या बाजूने, पण कारण वेगळं. १७ जानेवारी १९९४ ला कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिजच्या भूकंपात पोलादी इमारती उभ्या राहिल्या, पण तुळईच्या खालच्या फ्लँजच्या (आडव्या पट्टीच्या) खांबाशी जोडणाऱ्या वेल्डपाशी तडे सापडले. बरोब्बर वर्षाने जपानमधल्या कोबेच्या भूकंपातही वेल्ड तुटले. खडीवर भांडण्याआधी या वेल्डची अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी आतले तडे शोधणारी) तपासणी सक्तीची करा.

धागाकर्ता: वेल्डचं शंभर टक्के मान्य. हवेचंही मान्य, पण त्यावर उपाय आहे. प्लेटच्या कोपऱ्यांत हवेची भोकं ठेवायची, खडी आधी भिजवायची, माल खालून पंपाने चढवायचा.

साइटवाला: मग पहिला नमुना-खांब सांध्यापाशी उभा कापून प्लेटखालचा माल सगळ्यांना दाखवा. भरलेला निघाला तर ३० टक्क्यांना माझी हरकत नाही. शंभर टक्क्यांना आजही आहे. जुन्या खडीने काँक्रीटचा ताठपणा कमी होतो, खांब जास्त झुकतो. १९६७ ला हादरलेल्या कोयनेच्या पट्ट्यात तर मी सही करणार नाही.