तारेच्या कुंपणालगत, भर उन्हात कोणती फळझाडे लावावीत?

माळावरचे घर (प्रश्न)

नमस्कार. सासवड रस्त्याच्या बाजूला आमचा साडेचार गुंठ्यांचा प्लॉट आहे. उत्तर हद्दीवर 42 फूट लांबीचे कुंपण असून त्याला खाली दोन फूट दगडी जोते आणि वर पाच फूट तारेची जाळी आहे. तिथे दिवसभर ऊन असते. पूर्व हद्दीवर शेजाऱ्यांची प्लास्टर केलेली सहा फुटी भिंत 18 फूट लांब आहे; तिच्या आमच्याकडील बाजूवर दुपारी एकपासून सूर्यास्तापर्यंत ऊन येते आणि एप्रिल-मे महिन्यांत रात्री आठ वाजतासुद्धा ती हाताला गरम लागते. दोन्हीकडे पायवाटेपर्यंत जेमतेम साडेतीन फूट रुंदीची पट्टी आहे. वर वीतभर भराव, खाली मुरूम. बोअरला एप्रिलपर्यंत पाणी असते, मे महिन्यात टँकर मागवावा लागतो.

परदेशातील बागांच्या चित्रफितींमध्ये सफरचंदाची आणि नाशपातीची झाडे भिंतीसरशी सपाट वाढवून, फांद्या तारांवर आडव्या बांधलेल्या पाहिल्या आणि तसे काही करावे असे मनात आले. रोपवाटिकेत विचारले, तेव्हा "काहीही लावा, फक्त छाटत राहा" असे सांगून त्यांनी आंब्याचे कलम पुढे केले. वडिलांना अंजीर हवे आहे, पत्नीला कागदी लिंबू आणि मला पेरू. यांपैकी काय निभावेल? डाळिंब किंवा सीताफळ घ्यावे का?

अंजीरवाला

आमची अंजिराची बाग पुरंदर तालुक्यातच आहे, त्यामुळे वडिलांच्या बाजूने थोडा पक्षपात होणार, हे आधीच कबूल करतो.

"काहीही लावा, छाटत राहा" हा सल्ला मात्र मानू नका. कुंपणालगतचे झाड दरवर्षी छाटावेच लागते. म्हणून त्या झाडाला फळ कोणत्या फांदीवर धरते, हे निवडीपूर्वी पाहावे. आंब्याचा मोहर पक्व झालेल्या काडीच्या शेंड्यावर येतो. पट्टीत बसवण्यासाठी तुम्ही वर्षभर शेंडे खुडत राहिलात, तर हिरवागार आंबा मिळेल आणि कैरी बाजारातून आणावी लागेल. चित्रफितींतील सफरचंद-नाशपातीला जुन्या लाकडावरील आखूड खुंट्यांवर वर्षानुवर्षे फळ धरते, म्हणून त्यांना तो आडवा सांगाडा मानवतो. आपल्याकडे तेच काम वेगळ्या कारणाने अंजीर, पेरू आणि सीताफळ करतात, कारण छाटणीनंतर येणाऱ्या नव्या फुटीवर त्यांना फळ लागते. ही झाडे छाटली की रुसत नाहीत, उलट फळतात.

अंजिराला काटेकोर आडव्या ओळींत बांधण्याचा हट्ट धरू नये. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर चार-पाच फांद्या राखून त्या हाताच्या बोटांसारख्या पसरू द्याव्यात. आमच्याकडे दोन बहर, म्हणजे फळांचे दोन हंगाम, धरतात. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या छाटणीचा खट्टा बहर हिवाळ्यात येतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीचा मीठा बहर उन्हाळ्यात. खट्ट्याला पाणी कमी लागते, पण पावसाळी हवेत पानांवर तांबेरा येतो आणि गोडीचे काय, ते नावच सांगते. एका झाडापुरते पाणी घरातल्या बादल्यांवरही निघते, तेव्हा घरच्यासाठी मीठा बहर धरावा. अंजीर झाडावरच पिकू द्यावे लागते आणि पिकलेले दोन दिवसही टिकत नाही. घरी झाड असण्याची खरी चैन तीच आहे. बुलबुल आणि वटवाघळे यांनाही ती कळते, म्हणून फेब्रुवारीपासून जाळे हाताशी ठेवा. छाटताना चिकापासून हात सांभाळा. आणि रोप विकत घेऊ नका. ओळखीच्या बागेतून पक्व काडीचे छाट आणले, तरी सहज मुळ्या धरतात.

डाळिंबाचा अनुभव

वरील मुद्द्याला जोडून दिशेविषयी लिहितो. थंड देशांत दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत मोलाची मानतात, कारण ती दिवसा साठवलेली ऊब रात्री झाडाला देते. पुण्याच्या उन्हाळ्यात त्याच उबेचा जाच होतो. शिवाय मे महिन्याच्या मध्यास सूर्य पुण्यात थेट डोक्यावर येतो आणि तेव्हापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्ही किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे उत्तर हद्दीच्या जाळीला नेमक्या कडक दिवसांत दक्षिणेचे तिरपे ऊन लागतच नाही; जाळीतून वाराही खेळतो. ती जागा निर्धास्तपणे वापरा. चिंता पूर्वेकडील भिंतीची आहे, जिच्यावर दुपारचे ऊन समोरून येते.

तिथे टिकेल ते डाळिंब. कोरडी हवा आणि मुरमाड जमीन त्याला चालते. दोन रोपे पुरेत, तीही भिंतीपासून किमान दोन फूट पुढे, म्हणजे पट्टीच्या मध्याच्याही थोडे पलीकडे. प्रत्येकाची तीन-चार खोडे राखून ती भिंतीला समांतर पसरवावीत. आंबे बहर (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा) धरू नये, कारण त्याची फळे ऐन एप्रिल-मेमध्ये पोसतात आणि भिंतीच्या धगीने त्यांच्यावर काळपट चट्टे पडतात. मृग बहरात (जून-जुलैच्या) पावसामुळे तेल्या या जिवाणूजन्य रोगाचा धोका अधिक. सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहर धरलात, तर उन्हाचा कहर होण्याआधी बरीचशी फळे हाती येतात. पाणी कमी दिले तरी चालेल, पण नेमाने द्या. आठ दिवस कोरडे ठेवून एकदम पाट सोडला, की फळ उकलते. आमची पहिल्या वर्षाची निम्मी फळे अशीच गेली, आणि आम्ही मात्र किडीला दोष देत बसलो होतो.

परसबाग सांगली

द्राक्षाचा विषय कोणी काढलेला नाही, ते बरेच झाले. तारांवर बांधण्यासाठीच जन्मलेला तो वेल आहे खरा, पण एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि त्यांच्यामध्ये केवडा-भुरी या बुरशीजन्य रोगांसाठीच्या फवारण्या हे सर्व घरच्या कुंपणावर करावेसे वाटणार नाही.

लिंबाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. ते लावा, पण तारेला बांधू नका. लिंबाची छाटणी वाढवली, की पाणसोट, म्हणजे फळ न देणाऱ्या जोमदार सरळसोट फांद्या, सुटतात, काटे पायवाटेवर येतात आणि फळ कमी होते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई सरबती किंवा फुले सरबती ही जात मिळाली, तर कोपऱ्यात एकटे लावून मोकळे वाढू द्यावे. मातीत चुनखडी आहे का, ते आधी तपासा. असल्यास लिंबाची आणि पेरूचीही कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, आणि मग कितीही शेणखत घाला, उपयोग होत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. महापालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत राहत असाल, तर 1975 च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार वाढलेले झाड परवानगीवाचून तोडता येत नाही. नको असलेले झाड आज न लावणेच सोपे.

माळावरचे घर

सर्वांचे मनापासून आभार. आंब्याचा विचार सोडला. रोपवाटिकेत कलमाचे पैसे दिले नव्हते, एवढे नशीब. उत्तरेला एक अंजीर, दोन सरदार पेरू आणि एक सीताफळ, भिंतीजवळ दोन डाळिंबे आणि फाटकाच्या कोपऱ्यात लिंबू असे ठरत आहे. पेरूविषयी कोणी सविस्तर लिहिलेले नाही. तसेच फांद्या थेट जाळीत ओवल्या, तर तारांचा खर्च वाचेल का?

अंजीरवाला

जाळीत ओवू नका. फांदी जाडावली, की जाळी तिच्यात रुतते आणि पुढे एकतर फांदी कापावी लागते किंवा जाळी. खांबांना दोन, साडेतीन आणि पाच फुटांवर वेगळ्या तारा ताणा आणि जुन्या सुती कापडाच्या पट्ट्यांनी सैल बांधा. अंजिराला 12 फूट द्या, इतर तिघांना दहा-दहा.

सरदारची निवड उत्तम. हा वाण मुळात पुण्याच्या गणेशखिंडीतलाच, जरी लखनौ-49 या नावाने तो अधिक फिरला. पेरूची फांदी आडवी वाकवून बांधली, की शेंड्याचा जोर कमी होतो, तिच्या अंगभर डोळे फुटतात आणि त्या फुटीवर कळी येते. शेतकरी हे मुद्दाम करतात, तुम्हाला तार ते आपोआप करून देईल. एप्रिलच्या शेवटी वाकवून बांधलीत, तर जून-जुलैमध्ये फुले येतील आणि फळ थंडीत मिळेल. थंडीतला पेरू गोड असतो आणि फळमाशीही तेव्हा कमी असते. पावसाळ्यात पिकणाऱ्या पेरूत अळ्याच अधिक सापडतात, म्हणून तो बहर कळीतच खुडून टाकावा, आणि फळमाशीच्या नरांना ओढणाऱ्या मिथाईल युजेनॉलचा एक सापळा टांगून ठेवावा. सीताफळाला यांतले काहीच लागत नाही: पानगळीनंतर हलकी छाटणी करा आणि पहिल्या पावसाची वाट पाहा.

खड्डे दोन फुटी घ्या, पण मुरमात घेतलेला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो आणि डाळिंबाची मुळे त्यात कुजतात. तेव्हा तळाला पहारीने आणखी फूटभर सैल करा आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच बसवा. भरण्यासाठी पोयटा, कुजलेले शेणखत आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड पुरेशी आहे. कच्चे शेण घातलेत, तर वाळवीला आमंत्रण दिल्यासारखे होईल. छाटणीनंतरच्या मोठ्या जखमांना 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना आणि एक लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावावी. ती प्लास्टिकच्या भांड्यात करा, लोखंडी बादलीत नको. अंजिराचे छाट हवे असतील, तर सप्टेंबरच्या छाटणीला आमच्या बागेत भरपूर निघतात. वडिलांनाच घेऊन या, काडी त्यांना निवडू द्या.