मदत हवी आहे: दोन कॅमेऱ्यांचे रंग जुळवायचे कसे?
आम्ही नवरा-बायको मिळून लग्नाचे फोटो काढतो, तो जवळून वाइड लेन्सने आणि मी लांबून ८५ एमएमच्या लेन्सने चेहरे टिपते. शूट छान होतं, अडचण घरी आल्यावर सुरू होते. दोघांच्या कॅमेऱ्यांच्या कंपन्या वेगळ्या, त्यामुळे एकाच क्षणाच्या दोन फोटोंत त्वचेचा रंग वेगळा दिसतो, व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगानुसार फोटोचा रंग ठरवणारं सेटिंग) दोघांनी ५६०० केल्व्हिनला फिक्स केला तरी माझे फोटो पिवळसर आणि त्याचे गुलाबीच. वेळेचं जमलंय, शूटआधी दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढतो आणि नंतर लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर टाइम (फोटो काढल्याची वेळ) सरकवतो, मग क्रम बरोबर लागतो. पण रंगाचं काय करू? कलर चेकरने (ठरावीक रंगांच्या चौकोनांचं कार्ड) दोन्ही कॅमेऱ्यांचं वेगळं प्रोफाइल, म्हणजे रंग दुरुस्तीचं सेटिंग, बनवून खरंच फरक पडतो का, की हॉलमधल्या वेगवेगळ्या रंगांच्या मिक्स लाइटमध्ये तेही फसतं?

आणि अजून एक, रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातले प्रक्रिया न केलेले मूळ फोटो) निवडायला दोघं एकत्र बसतो आणि रात्रीचे दोन वाजतात, मुलगी वाट बघून झोपून जाते, ते फार लागतं मनाला. जोडीने काम करणाऱ्यांनी प्लीज सांगा, निवड एकाने आणि एडिटिंग दुसऱ्याने असं वाटून घेतलंय का तुम्ही?